खान्देशच्या उन्हात कुठला ट्रेल कॅमेरा टिकतो? मेलेले कॅमेरे उघडून बघितल्यावर जे कळलं ते

ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, कुठला घ्यावा हे विचारायला माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक उलट्या क्रमाने येतात. म्हणजे आधी सेलमध्ये ऑनलाइन मागवतात, शेतात बांधतात, एक उन्हाळा नाहीतर एक पावसाळा जातो आणि मग तो गेलेला कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात भाऊ हा बघ, आणि नाही झाला तर दुसरा कुठला घेऊ ते सांग. चाळीसगावात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. ट्रेल कॅमेरे दुरुस्त करतो असं मी कुठं लिहिलेलं नाही, पण एकाचा चालू करून दिला की दुसरा येतो, तसं झालं. एक कॅमेरा आमच्याही शेतात आहे, सातमाळा डोंगराच्या पायथ्याला, नाल्याच्या वाटेवर.

तर हे रिव्ह्यू वगैरे नाही. यूट्यूबवर रिव्ह्यू भरपूर आहेत, त्यात नवा कोरा कॅमेरा खोक्यातून काढतात, मेन्यू दाखवतात, अंगणात कुत्रा फिरवतात आणि व्हिडिओ संपतो. मला कॅमेरे दिसतात ते मेल्यावर, त्यामुळे माझं मत थोडं तिरकं असणार हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट, आपल्याकडे कॅमेरा पावसाने मरतो असं सगळ्यांना वाटतं, पण निम्मा तो उन्हाळ्यातच मेलेला असतो, पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो. खोक्यावर लिहिलेलं असतं की उणे २० ते ६० डिग्रीपर्यंत चालेल. आता ६० डिग्री वाचून माणूस निवांत होतो की आपल्याकडे तर ४५ च. पण ते ४५ सावलीतलं, हवेचं. गडद रंगाची प्लास्टिकची पेटी दुपारी उघड्या उन्हात बाभळीच्या खोडाला बांधलेली असेल तर आतलं तापमान हवेच्या कितीतरी वर जातं, मे महिन्यात दुपारी दोनला तो कॅमेरा हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. त्या उष्णतेने दाराची रबरी रिंग आधी कडक होते. मग ती दबत नाही, मग लॅच लावली तरी एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहते. जूनमध्ये पाणी तिथूनच जातं. माणूस म्हणतो पावसाने गेला.

म्हणून घेताना मी पहिल्यांदा मेगापिक्सल बघत नाही, दार बघतो. दार उघडून रिंगवर बोट फिरवायचं, ती खाचेत पूर्ण बसलेली आहे का, की नुसती डिंकाने चिकटवलेली आहे, आणि नखाने ओढली तर बाहेर येऊन परत बसते का. सुट्टी निघणारी रिंग चांगली, कारण ती बदलता येते. चिकटवलेली एकदा सुटली की परत कधी नीट बसत नाही, मी सिलिकॉन लावून बघितलंय, दोन-चारदा दार उघडलं की ते निघून येतं. लॅच धातूची असली तर उत्तम, प्लास्टिकची असेल तर जाड हवी. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात लॅचचा हुक उन्हाने ठिसूळ होऊन तुटतो, मग लोक दाराला चिकटपट्टी गुंडाळून आणतात, एकाने तर सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून लावला होता आणि खरं सांगतो तो पट्टा लॅचपेक्षा भारी होता.

आयपी ६६, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव किती ते सांगणारा खोक्यावरचा आकडा, हे काय प्रकरण आहे तेही सांगून टाकतो कारण दुकानदार ते मंत्रासारखं म्हणतात. पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, दुसरा ६ म्हणजे जोरात पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. ५४ वगैरे असेल तर थोडी धूळ जाणार आणि शिंतोडेच फक्त सहन होणार. पण ही चाचणी नव्या मालावर होते बरं का, दोन उन्हाळे तापलेल्या रिंगवर नाही. आणि आपल्याकडे आकड्यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा, कारण काळ्या मातीची जी बारीक धूळ मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात उडते ती रिंगवर बसते, आणि दार लावताना तीच धूळ फट तयार करते. कार्ड बदलायला गेलात की आधी फडक्याने रिंग पुसा, मग दार लावा. एवढंच केलं तरी कॅमेऱ्याचं आयुष्य वाढतं, फुकटात.

आता सेन्सरबद्दल, कारण इथं खान्देशचं ऊन वेगळाच खेळ करतं आणि कंपन्यांची माहितीपत्रकं त्याबद्दल गप्प असतात. कॅमेऱ्यात खाली जी पांढुरकी, रेघारेघांची प्लास्टिकची भिंग दिसते तिच्यामागे पीआयआर सेन्सर असतो. तो प्राणी बघत नाही, हलणारी उष्णता बघतो, म्हणजे मागची जमीन-झाडी आणि समोरून जाणारं अंग यांच्या तापमानात फरक असला आणि तो फरक सरकला की तो कॅमेऱ्याला उठवतो. फरक कुठल्याही बाजूचा चालतो, प्राणी मागच्यापेक्षा गरम असो की गार. पण फरकच नसला तर? डिसेंबरच्या रात्री पारा आठ-दहावर आला की बिबट्याचं अंग त्या थंडीत लख्ख उठून दिसतं आणि खोक्यावर लिहिलेल्या वीस-पंचवीस मीटरवरूनही फोटो येतो. तोच कॅमेरा, तीच जागा, मे महिन्यात सकाळी नऊ-दहाला जेव्हा जमीन तापत तापत प्राण्याच्या अंगाएवढी होते तेव्हा समोरून रोही गेला तरी कॅमेरा झोपलेला. संध्याकाळी जमीन निवताना परत तेच. आणि उन्हाळ्यातल्या रात्रीही जमीन गरमच राहते म्हणून लांबचं पकडत नाही. लोक म्हणतात सेन्सर गेला. सेन्सर गेलेला नसतो, त्याला फरक दिसत नसतो.

उपाय काय, तर सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करता येईल असाच कॅमेरा घ्यायचा, उन्हाळ्यात हाय, थंडीत मिडियम किंवा लो. काही कॅमेऱ्यात ऑटो असतं, ते आतल्या तापमानावर ठरतं, ठीक आहे, पण मी हातानेच करतो. आणि उन्हाळ्यात कॅमेरा वाटेच्या जवळ आणायचा, तीन-चार मीटरवर. पण सेन्सिटिव्हिटी हाय केली की दुसरं दुखणं सुरू होतं. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी तो हलणारी उष्णताच बघतो, मग कार्ड भरून नुसतं गवत. रावेरच्या एका केळीवाल्या दादांनी कॅमेरा केळीच्या बागेच्या धुऱ्यावर लावला होता, कार्ड आणून दिलं की बघा काहीतरी बिघाड आहे, सगळे फोटो केळीच्या पानाचे. बिघाड काही नव्हता, एक फाटलेलं पान वाऱ्यावर समोर डुलत होतं, दिवसभर. समोरचं पाच मीटरपर्यंतचं गवत कापा, फांदी छाटा, आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं की सूर्य थेट भिंगात जातो, खोटे फोटो येतात आणि आलेलाही फोटो पांढराफट्ट.

याच भिंगावरून एक किस्सा. पाटणादेवीच्या रस्त्याकडच्या एका गावचे आप्पा आले, कॅमेरा चांगल्या कंपनीचा, तक्रार अशी की एकही फोटो येत नाही, ना माणसाचा ना गुराचा.

"भाऊ, हाऊ ते नवाच शे, दोन महिना बी नही व्हयनात."

टेबलावर लावला, हात हलवला, खटाखट फोटो. परत बंद करून परत लावला, तरी चालू. मग विचारलं आप्पा बांधला कसा होता, तर त्यांनी मुलाच्या वेल्डिंगच्या दुकानातून एक झकास लोखंडी पेटी करून घेतली होती आणि पाऊस, धूळ, माकडं काहीच नको म्हणून समोर खिडकीची काच बसवली होती! मी म्हटलं आप्पा, काचमधून याले काही दिसत नही. त्यांना पटेना, कारण काचेतून माणसाला तर सगळं स्वच्छ दिसतं. मग दुकानातल्या शोकेसची काच आडवी धरून हात हलवून दाखवला, एकही फोटो नाही, काच काढली की फोटो. अंगाची उष्णता ज्या लहरीतून येते ती साध्या काचेतून जातच नाही, अ‍ॅक्रिलिकमधूनही नाही, म्हणून तर कंपनीने ती भिंग पातळ पॉलिथिनसारख्या प्लास्टिकची केलेली असते. त्याच कारणाने त्या भिंगेवर स्क्रीनगार्ड, पारदर्शक टेप असलं काहीही लावू नका. आप्पांनी काच काढली आणि पेटी ठेवली, ते बरोबर केलं.

पेटीबद्दल खरंच सांगतो, बजेट पंधरा हजार असेल तर बारा-तेरा हजारांचा कॅमेरा घ्या आणि उरलेल्यात पेटी, केबल लॉक आणि दोन कार्ड. आपल्याकडे कॅमेरा प्राण्यांपेक्षा माणसांमुळे जास्त जातो. चोरणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो, विकत कोणी घेत नाही, पण रात्री नाल्याने जाणाऱ्याला वाटतं आपला फोटो आला, तो पोचायच्या आधी पेटीच उपटा. रेतीची, लाकडाची वाहतूक जिथं चालते तिथं तर लावूच नका, कॅमेरा जाईल आणि वर भांडण. पेटीचा पत्रा जाड घ्या, रंग मातीचा, चकचकीत नको, आणि पेटी व कॅमेरा यांच्यात बोटभर जागा ठेवा नाहीतर लोखंड तापून आतला कॅमेरा अजूनच भाजतो. वरून पत्र्याचं छोटं छप्पर पुढे काढलं तर पाऊसही थेट भिंगावर येत नाही.

सावलीचं झाड निवडताना एक फसगत होते ती अशी, की थंडीत कॅमेरा लावतो तेव्हा पळस, अंजन यांची सावली असते आणि एप्रिलमध्ये ज्या वेळी सावली पाहिजे त्या वेळी हीच झाडं उघडी. निंबाला तोवर नवी पालवी आलेली असते. निंब असेल तर निंबालाच बांधा.

रात्रीच्या फ्लॅशकडे येऊ. इन्फ्रारेड फ्लॅशच्या दोन जाती आहेत, ८५० नॅनोमीटर लहरीचा आणि ९४० वाला. ८५० चा उजेड लांब जातो, फोटो स्वच्छ, पण पेटला की लालसर ठिपके दिसतात, माणसालाही आणि जनावरालाही. ९४० दिसत नाही, पण पल्ला कमी आणि फोटो जरा दाणेदार. गावाजवळ, वाटेवर लावायचा असेल तर मी ९४० च सांगतो, चोरीच्या भीतीने. आतल्या डोंगरात परवानगीने लावणार असाल तर ८५० बरा. तिसरा पांढऱ्या झोताचा फ्लॅश, तो रात्रीही रंगीत फोटो काढतो, आणि बिबट्याचे ठिपके, वाघाचे पट्टे ओळखायला तोच लागतो, कारण धावत्या जनावराचा इन्फ्रारेड फोटो बऱ्याचदा हललेला येतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि त्यातही डाव्या-उजव्या अंगाचे वेगळे, म्हणून गणनेला वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने कॅमेरे लावतात. २०२१ मध्ये आमच्या जवळच्या गौताळा अभयारण्यात वाघ आला होता आठवतंय का, कित्येक दशकांनी, तो यवतमाळकडच्या टिपेश्वरचा आहे हे कॅमेरा ट्रॅपमधल्या, म्हणजे अशाच कॅमेऱ्यांतल्या, पट्ट्यांवरूनच जुळवलं होतं. तीनशेच्या वर किलोमीटर चालत आला तो, वाटेत किती गावं, किती हायवे. आमच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण आपल्याला शेतात कोण येतं एवढंच बघायचंय तर पांढरा फ्लॅश नको. रात्री शेतात वीज चमकल्यासारखं झालं की सगळ्या गावाला कळतं कॅमेरा कुठं आहे.

मेगापिक्सलबद्दल जास्त लिहीत नाही. खोक्यावर ३६, ४८ काय वाटेल ते लिहितात, आतला खरा सेन्सर बऱ्याचदा त्याच्या खूप कमी असतो आणि बाकीचं सॉफ्टवेअर फुगवतं. मेन्यूत जाऊन रिझोल्यूशन कमी ठेवलं तरी फोटोत फारसा फरक दिसत नाही, उलट कार्ड वाचतं. व्हिडिओ ४के असण्याचंही तेच. त्याऐवजी ट्रिगर स्पीड बघा, प्राणी आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर चांगला. एक सेकंदाच्या वर असेल तर तुमच्याकडे शेपट्यांचा छान संग्रह होईल, डुकराच्या, कोल्ह्याच्या, तरसाच्या, सगळ्यांच्या. दोन फोटोंमधली विश्रांती किती तेही बघा, कारण डुकरं कळपाने येतात आणि पहिल्या फोटोनंतर कॅमेरा दमला तर कळप किती मोठा ते कळत नाही. आणि नुकसानीच्या पंचनाम्याला तेच तर दाखवायचं असतं, मक्यात एक डुक्कर येऊन गेलं आणि वीस येऊन लोळून गेली यात फरक आहे ना.

बॅटरी. हा माझा आवडता विषय, कारण मेलेल्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त मी हेच बघतो. मागच्या पावसाळ्यानंतर आलेला एक कॅमेरा उघडला तर सेलच्या खोबणीत पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर, स्प्रिंगा अर्ध्या खाल्लेल्या, आणि ती गळती वायरीच्या आतून चढत चढत बोर्डापर्यंत गेलेली, कनेक्टरचे दोन पाय तर नुसत्या ब्रशने पुसताना तुटून हातात आले. बाहेरून कॅमेरा नवा, एक ओरखडा नाही. मालकाने रिमोटमध्ये टाकायचे साधे पेन्सिल सेल टाकले होते आणि पावसाळाभर तसेच ठेवले. स्वस्त सेल उतरले की गळतात, उष्णतेत अजून लवकर. गळती अल्कलाइन सेलची असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, साफ करून बऱ्याचदा कॅमेरा वाचतो, पण बोर्डापर्यंत गेली तर कठीण.

मग कुठले टाकायचे? लिथियमचे पेन्सिल सेल सगळ्यात चांगले, गळत नाहीत म्हटलं तरी चालेल, उन्हाला टिकतात, शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात, पण आठ सेल घ्यायचे म्हटलं की खिसा रडतो. रिचार्जेबल घ्यायचे तर कमी सेल्फ-डिस्चार्जवाले, म्हणजे नुसते पडून राहिले तरी लवकर न उतरणारे, एनेलूपसारखे. त्यांचं व्होल्टेज दीडच्या जागी १.२ असतं, आठ सेलचे १२ व्होल्टऐवजी ९.६ च मिळतात, त्यामुळे काही कॅमेरे सेल भरलेले असूनही लो बॅटरी दाखवतात किंवा रात्रीचा फ्लॅश मंद पेटतो. घ्यायच्या आधी मॅन्युअल डाउनलोड करून रिचार्जेबल चालतात का ते वाचाच. नवे-जुने, वेगवेगळ्या कंपनीचे सेल एकत्र टाकू नका, त्यातला दुबळा सेल उलटा चार्ज होतो आणि गळतो. आणि चार महिने कॅमेरा कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा.

आता सध्या जे आतमध्येच लिथियम बॅटरी आणि वर सोलर पॅनल असं एकत्र येतं त्याची फार हवा आहे. दिसायला भारी, सेल बदलायची कटकट नाही. पण लिथियम आयन बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते हा साधा नियम आहे, आणि आपल्याकडे सोलर कधी जोरात चालतो? बरोबर त्याच वेळी जेव्हा पेटी भट्टीसारखी तापलेली असते. चांगल्या कंपनीचा सर्किट चार्जिंग थांबवतो, स्वस्तातला थांबवत नाही. एका उन्हाळ्यानंतर फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात, दार आतून ढकललं गेलेलं, रिंग बसत नाही, पाऊस आत. सोलर पाहिजेच असेल तर पॅनल वेगळं, वायरने जोडणारं घ्या, पॅनल उन्हात आणि कॅमेरा सावलीत ठेवता येतो.

सिमवाले कॅमेरे, म्हणजे फोटो थेट मोबाईलवर. सोयीचं आहे हो, विशेषतः २०१७ मध्ये आमच्या तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हापासून लोकांना फोटो लगेच हवा असतो, कार्ड काढायला जायची भीती. पण बघून घ्या. परदेशातून नातेवाईकांनी पाठवलेले कॅमेरे तिथल्याच कंपन्यांच्या नेटवर्कला बांधलेले असतात, इथं सिम टाकून उपयोग नाही. ३जीवाले जुने सेकंडहँड तर घेऊच नका, जिओला २जी-३जी मुळातच नाही. ४जी असेल तरी जिओचे बँड, म्हणजे सिग्नलचे पट्टे, ३, ५ आणि ४० आहेत, यातले निदान दोन कॅमेऱ्यात पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे जिथं लावणार तिथं आधी मोबाईल घेऊन उभं राहा. सातपुड्यात यावलच्या वर गेलं, तोरणमाळकडे गेलं की बऱ्याच नाल्यांत रेंज मिळत नाही, तिथं सिमचा कॅमेरा नेटवर्क शोधत शोधतच सेल संपवतो.

मुंग्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माइकचं बारीक छिद्र, बिजागरीची फट, ट्रायपॉडच्या आट्याजवळची जागा, कुठूनही मुंग्या आत जातात, ऊब असते, कोरडं असतं, त्यांना अजून काय पाहिजे. एका कॅमेऱ्याचं मागचं कव्हर काढलं तर बोर्ड दिसतच नव्हता, मातीचे कण, पांढरी अंडी आणि हजारो मुंग्या, टेबलावरून माझ्या हातावर. शॉर्ट होऊन गेला होता. आवाज रेकॉर्ड करायचा नसेल तर माइकचं छिद्र टेपने बंद करा, पट्ट्याला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात फिरवा. पावसाळ्याच्या तोंडावर कुंभारीण माशी भिंगासमोर मातीचं घर बांधते, ते दर फेरीला बघावं लागतं. माकडं पट्टा ओढतात, म्हणून कापडी पट्ट्यापेक्षा वायरचा दोर चांगला. म्हैस अंग घासते, त्याला मात्र इलाज नाही, खोडाच्या गुरं नसणाऱ्या बाजूला बांधा. उंची गुडघ्याएवढी ठेवली की बिबट्यापासून सायाळपर्यंत सगळं येतं.

कार्ड चांगल्या दुकानातून घ्या, क्लास १० चं, बत्तीस जीबी बहुतेक कॅमेऱ्यांना चालतं. बाजारात नकली कार्डं फार आहेत, मोबाईलमध्ये चालतात आणि कॅमेऱ्यात मध्येच फोटो अर्धे हिरवे येतात. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. आणि फोटो किती बघावे लागतात याची तयारी ठेवा. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांच्या वर, त्यातले वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकी सगळं हरणं, गुरं, माणसं आणि हलणारं गवत. तेव्हा पहिल्या कार्डात बिबट्या नाही म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका.

पावसाळ्यात आतून वाफ धरते, भिंग धुरकट होते, त्याला सिलिका जेलची पुडी आत टाकायची. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला, मंद आचेवर परत निळे करता येतात, पण निळ्यात कोबाल्ट असतं म्हणून भांडं वेगळंच ठेवा, घरातली कढई घेतली तर जेवण मिळणार नाही आणि ते योग्यच होईल.

ब्रँड विचारतात सगळे. रिकॉनिक्सचे कॅमेरे संशोधनवाले वापरतात, हायपरफायर २ वर पाच वर्षांची वॉरंटी कंपनी देते, पण आपल्या खिशाबाहेर, आणि वॉरंटी अमेरिकेत पाठवून घ्यायची म्हणजे कस्टमचं आलंच. ब्राउनिंग, बुशनेल मधल्या किमतीत बरे. कडीबॅकचे पांढऱ्या फ्लॅशवाले वाघाच्या कामात दिसतात. पाच-सहा हजारांचे बिननावाचे जे येतात ते सगळे वाईट असं नाही, सावलीत, पेटीत, चांगल्या सेलवर ठेवलेला तसला एक गेले काही उन्हाळे चालूच आहे, पण सुट्टे भाग मिळत नाहीत, गेला की गेला. मला स्वतःला विचाराल तर पेन्सिल सेलवर चालणारा, सिम नसलेला, सोलर नसलेला, सुट्टी रिंग आणि धातूची लॅच असलेला, ९४० चा साधा कॅमेरा. स्क्रीन आत नसली तरी चालेल, उलट बरं, उन्हात ती काळी पडते.

लावायच्या जागेचं एक. स्वतःच्या शेतात लावायला कोणाला विचारायची गरज नाही, पण अभयारण्यात, मग गौताळा असो की यावल की अनेर, वनविभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा बांधायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभ्यासाला, फोटोग्राफीला परवानगीची तरतूद आहे, अर्ज करा. शेतातही शेजाऱ्यांना सांगून लावा, कॅमेरा पहाटे बाहेर जाणाऱ्या बायाबापड्यांच्या वाटेवर, विहिरीवर, हौदावर अजिबात नको, आणि माणसांचे फोटो आले तर बघत न बसता उडवा. बिबट्याचा फोटो आला तर गावाच्या ग्रुपवर जागेसकट टाकू नका, दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं काठ्या घेऊन तिथं जातात, हे आमच्याकडे झालेलं आहे. वनविभागाचा १९२६ नंबर आहे, तिथं फोन करा नाहीतर वनरक्षकाला दाखवा.

दुरुस्तीला आणणार असाल तर सेल काढून आणा, कार्ड घरी ठेवा, आणि आत मुंग्या असतील तर कृपा करून आधी सांगा.